लॅसिकमधल्या पापुद्र्याची पार्श्वभूमी

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लॅसिक शस्त्रक्रियेत नाव लेसरचे होते, पण कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, बळकटीचा प्रश्न लेसरआधी कापल्या जाणाऱ्या पापुद्र्यापासूनच सुरू होतो. ही कापणी लेसरहून जुनी आहे. कॉर्नियाला नवा आकार देऊन नंबर घालवण्याची कल्पना स्पॅनिश नेत्रतज्ज्ञ होसे इग्नासिओ बराकेर यांनी 1949 मध्ये मांडली; पुढे बोगोटा येथे ते कॉर्नियाची वरची चकती पूर्ण कापून काढत, गोठवून लेथवर घासत आणि टाके घालून परत बसवत.

1983 मध्ये स्टीफन ट्रोकेल आणि रंगस्वामी श्रीनिवासन यांनी एक्सायमर या अतिनील किरणांच्या लेसरने कॉर्निया अचूक कोरता येतो हे दाखवले. मात्र लेसर थेट पृष्ठभागावर चालवला, तर वरचे आवरण भरून येईपर्यंत डोळा काही दिवस दुखतो. क्रीट बेटावरील इओआनिस पल्लिकारिस यांनी चकती एका बाजूला बिजागरीसारखी जोडलेली ठेवून खाली लेसर फिरवला आणि पापुद्रा परत अंथरला. टाके गेले, वेदना गेली, दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसू लागले. लॅसिक जगभर पसरले ते यामुळे.

परंतु कॉर्नियाच्या पुढच्या भागातले कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांत विणलेले असतात आणि मागचे नुसते थरांवर थर रचलेले, त्यामुळे सर्वांत बळकट असलेला भागच या कापणीत तुटतो. परत बसवलेला पापुद्रा कडेला व्रण धरतो, मध्यभागी केवळ चिकटून राहतो आणि डोळ्यातल्या दाबाचा भार जवळजवळ पेलत नाही. काही वर्षांनी नंबर परत आल्यास सर्जन बोथट उपकरणाने कडेची रेषा मोकळी करून तोच पापुद्रा पुन्हा उचलू शकतात. माझ्या मते याहून बोलका पुरावा नाही.

हिशेब मांडला की गांभीर्य कळते. कॉर्नियाच्या सुमारे 540 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीतून पात्याने कापलेला 160 मायक्रॉनचा पापुद्रा आणि उणे 8 नंबरासाठी लेसरने काढलेले सुमारे 96 मायक्रॉन वजा केले, तर भार पेलायला 284 उरतात. 1998 मध्ये जर्मनीचे थिओ झायलर यांनी लॅसिकनंतर कॉर्निया पुढे फुगत गेल्याचे रुग्ण नोंदवले, आणि खाली किमान 250 मायक्रॉन राखण्याचा दंडक रूढ झाला. तो पाळूनही काही डोळे फुगले, कारण मूळचा कॉर्निया किती सशक्त आहे हे केवळ जाडीवरून कळत नाही. शिवाय कडेकडून मध्याकडे येणाऱ्या संवेदी नसा बिजागरीची बाजू सोडून सर्वत्र तुटतात, म्हणून डोळ्यांचा कोरडेपणा इतका आढळतो.

पुढे पात्याऐवजी वापरलेल्या, अतिसूक्ष्म काळाचे झोत सोडणाऱ्या फेमटोसेकंद लेसरने पापुद्रा सुमारे 110 मायक्रॉनपर्यंत पातळ केला. स्माइल पद्धतीत तर पापुद्राच नसतो: कॉर्नियाच्या आत कोरलेली भिंगासारखी चकती 2 ते 4 मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर ओढतात. तिच्या आरंभीच्या अनुभवात बडोद्याच्या डॉ. रूपल शाह यांचे काम मोलाचे आहे.