एकच अ‍ॅड्रेस दिल्याने लाइट जळून जात नाही

ठाण्यात एकांकिकेच्या तालमीत असो की गणपतीच्या मंडपात, एक समज कायम ऐकू येतो: दोन लाइटना एकच डीएमएक्स (स्टेजचे लाइट चालवायची डिजिटल सिग्नलची पद्धत) अ‍ॅड्रेस दिला, की सिग्नल एकमेकांवर आदळतात आणि लाइट जळून जातो. तसं होत नाही.

साध्या डीएमएक्समध्ये बोर्ड, म्हणजे लाइट चालवायचा कन्सोल, बोलतो, लाइट फक्त ऐकतात. एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका डीएमएक्स लाइनवर, ५१२ चॅनेल, प्रत्येकावर ० ते २५५ मधला एक आकडा. अ‍ॅड्रेस म्हणजे लाइटने कुठल्या चॅनेलपासून ऐकायचं, एवढंच. दोघांनी एकच आकडा ऐकला तर बिघडणार काय?

खात्री करायची तर सारख्याच मॉडेलचे दोन पार (स्टेजचे साधे लाइट) घ्या, मोड (लाइट किती चॅनेल वापरतो ती सेटिंग) एकच ठेवा, दोघांच्या मागच्या डिस्प्लेवर ००१ लावा आणि बोर्डावरचा फेडर (सरकपट्टी) हळूहळू वर न्या. दोन्ही एकाच वेळी उजळतील. डावी-उजवी जोडी आम्ही मुद्दाम अशीच लावतो.

गोंधळ होतो तो एकमेकांवर अर्धवट चढलेल्या अ‍ॅड्रेसमुळे. आठ चॅनेलचा पार १ वर असेल तर पुढचा ९ वर हवा. तो ५ वर राहिला, तर पहिल्याचा रंग बदलताना दुसरा भलतंच काहीतरी करतो, आणि माणसाला वाटतं लाइट गेला. सॉफ्टवेअरमधला पॅच (कुठल्या लाइटला कुठला अ‍ॅड्रेस दिलाय ती यादी) आणि डिस्प्लेवरचा आकडा आधी जुळवून बघा. लाइट नुसता फडफडत असेल तर केबल तपासा, शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रेझिस्टर) आहे ना तेही पाहा.