शेनिन ब्लाँ (नाशिक)

पांढऱ्या वाइनसाठी वापरली जाणारी, मूळ फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातली द्राक्षजात. महाराष्ट्रात तिची लागवड प्रामुख्याने नाशिक जिल्ह्यात होते. जवळची मोठी बाजारपेठ अर्थातच मुंबई.

फ्रेंच किंवा दक्षिण आफ्रिकी शेनिन ओळखीची असलेल्या मुंबईकराला दुकानात त्याच नावाच्या बाटलीवर ‘नाशिक’ वाचून नवल वाटते, आणि ते रास्तच आहे. वाइनची द्राक्षे साधारण ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यातच चांगली येतात, असा जुना समज. ल्वारचे खोरे ४७ अंशांच्या आसपास, तर नाशिक २० अंशांवर. तिकडे कडाक्याच्या हिवाळ्यात पाने गाळून वेल विश्रांती घेते. नाशिकला रात्री गारठा चांगला पडतो, पण तेवढ्याने वेल झोपी जात नाही. इथे तिचे वर्ष कात्रीवर चालते.

एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांमध्ये पुढच्या घडांची तयारी होते, पण पीक धरले जात नाही. पावसाळा सरता सरता दुसरी, म्हणजे गोडी छाटणी करतात. तिच्यानंतर येणारा घड कोरड्या हवेत, थंड रात्रींत भरतो आणि जानेवारी ते मार्चदरम्यान तोडला जातो. म्हणजे उत्तर गोलार्धात असूनही नाशिकची तोडणी दक्षिण आफ्रिकेच्या हंगामाला जुळते. ल्वारमध्ये ती शरद ऋतूत होते. दोन छाटण्या आणि एक पीक ही पद्धत वाइनवाल्यांनी शोधलेली नाही. ती खायच्या द्राक्षांच्या बागाईतदारांनी आधीच बसवलेली होती, आणि नाशिकच्या वाइनचे श्रेय मोजताना हा वाटा फार कमी वेळा सांगितला जातो.

याच जातीचा इथे जम बसला, याचे मोठे कारण तिचा आंबटपणा. उष्ण हवेत द्राक्षातली साखर झपाट्याने चढते आणि आम्ल उतरते, मग वाइन बेचव, जड होते. शेनिनमध्ये मुळातच आम्ल भरपूर असल्याने उतरूनही पुरेसे उरते. तिची दुखरी बाजू घडात आहे: मणी एकमेकांना घट्ट चिकटलेले, साल पातळ. तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की पाणी मण्यांच्या मध्ये अडकते, एक मणी तडकतो आणि कूज आतल्या आत पसरते. बाहेरून घड धड दिसतो, हातात घेतल्यावर दगा कळतो.

मुंबईत वाढलेले राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाइनची द्राक्षे लावली. त्यांच्या ‘सुला’ या वायनरीच्या, म्हणजे वाइन कारखान्याच्या, पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या, सोव्हिन्याँ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षजातीच्या वाइनबरोबर शेनिनही त्यांत होती. पुढच्या वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले आणि इतर वायनरीही उभ्या राहू लागल्या.

नाशिकची शेनिन बहुधा स्टीलच्या टाक्यांत थंड तापमानाला आंबवतात. पेरू, अननस, पिकलेल्या सफरचंदाचा वास आणि अनेकदा किंचित गोडी राखलेली. उशिरा तोडलेल्या घडांपासून गोड वाइनही करतात. ही गोडी कमीपणाची मानण्याचे कारण नाही. चिंच, मिरची आणि ओल्या नारळाच्या कालवणासमोर ठणठणीत कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, वाइन कडवट लागते, किंचित गोड शेनिन मात्र टिकते. कुरकुरीत तळलेल्या बोंबलाबरोबर तिचा आंबटपणा लिंबाचे काम करतो.

मुंबईत खरी काळजी साठवणुकीची. शहराच्या दमट उकाड्यात उघड्या फळीवर महिनोन्‌महिने उभी राहिलेली बाटली आपला ताजेपणा गमावते. रोजच्या पिण्यातली साधी शेनिन मुरवण्यासाठी नसतेच. तोडणीचे वर्ष पाहून, शक्यतो थंड कपाटातली घ्यावी आणि एक-दोन वर्षांत संपवावी.