पार्डिनी एसपी की एचपी? पिस्तूल घेण्याआधी

कोल्हापुरात दुधाळीच्या शूटिंग रेंजवर पार्डिनी या इटालियन कंपनीची एसपी आणि एचपी ही दोन पिस्तुले शेजारी ठेवली, तर नवख्या नेमबाजाला ती एकाच साच्यातली वाटतील. दोन्ही अर्धस्वयंचलित आहेत (ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप चढते), दोन्हींचे पाच काडतुसांचे मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसते, दोन्हींना हाताच्या घडणीप्रमाणे कोरलेली लाकडी मूठ असते आणि २५ मीटरच्या नियमांनुसार दोन्हींच्या ट्रिगरचा ताण किमान १००० ग्रॅम असावा लागतो. वेगळे आहे ते काडतूस, आणि आपल्याला कोणत्या स्पर्धेत उतरता येईल हे त्यावरच ठरते.

एसपीला .२२ लाँग रायफल काडतूस लागते (.२२, .३२ हे आकडे साधारणपणे इंचातल्या व्यासाचे). त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते आणि झटका सौम्य बसतो. एचपीला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर लागते. त्याची सपाट तोंडाची, सुमारे ६.४ ग्रॅमची शिशाची गोळी पितळी नळकांड्यात पूर्ण बुडालेली असते, त्यामुळे काडतूस वरून कापल्यासारखे दिसते. कागदी लक्ष्यावर तिचे छिद्रही तसेच स्वच्छ, गोल उमटते.

घोळ होतो तो या .३२ मुळेच. आपल्याकडे स्वसंरक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी कारखान्याच्या .३२ पिस्तुलाचे काडतूस निराळ्या जातीचे आहे. ते एचपीत चालत नाही. त्याच कारखान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस एस अँड डब्ल्यू लाँगच असते खरे, पण त्याची गोल गोळी बाहेर डोकावते आणि वॅडकटरच्या मापाने बेतलेल्या मॅगझिनमध्ये ते मावत नाही. तेव्हा "दुकानात .३२ मिळते" एवढ्या भरवशावर एचपी घेऊ नये. वॅडकटरचा नियमित पुरवठा कुठून होणार, हे आधी विचारावे.

नेमबाज राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तो महिलांचा २५ मीटर पिस्तूल प्रकार .२२ चाच आहे. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलीला एचपीचा काहीच उपयोग नाही. पुरुषांच्या स्टँडर्ड पिस्तूल या प्रकारालाही .२२ च लागते. सेंटर फायर या २५ मीटरच्याच दुसऱ्या प्रकारात मात्र ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाचेच शस्त्र चालते, म्हणून तिथे .३२ येते. नेमबाज जसपाल राणा यांनी २००६ मध्ये दोहा येथे ५९० गुणांसह विश्वविक्रमाशी बरोबरी केली, ती याच प्रकारात. ऑलिम्पिकमध्ये तो नाही.

गंमत अशी की, सेंटर फायरचा क्रम महिलांच्या प्रकारासारखाच असतो: ३० गोळ्या अचूकतेच्या, ३० जलद. जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसते, सात सेकंद लपते, आणि दर वेळी एकच गोळी झाडायची असते. म्हणजे अर्धस्वयंचलित रचनेचा लाभ इथे वेगापेक्षा पकड न मोडण्यात आहे, पण .३२ चा झटका मनगट वर उचलतो, आणि तीच पकड जागेवर ठेवणे तिथे कठीण होते.

माझ्या मते पहिले शस्त्र एसपीच असावे. सेंटर फायर खेळणाऱ्याने एचपी नंतर घ्यावे, शक्यतो त्याच कंपनीचे, म्हणजे मूठ आणि ट्रिगरची सवय मोडत नाही. परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करताना मात्र शस्त्राचा प्रकार आणि काडतुसाचे पूर्ण नाव स्पष्ट लिहावे; नुसते ".३२ पिस्तूल" लिहून चालणार नाही.