सामायिक संगणक, अभिकल्प-शिक्षणातील

एकाच शक्तिशाली संगणकावर अनेक विद्यार्थ्यांनी एकाच वेळी, आपापल्या पडद्यावरून, आराखड्याचे किंवा त्रिमितीय प्रतिमान घडवण्याचे सॉफ्टवेअर (कॅड) चालवण्याची व्यवस्था. अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र आणि उत्पादन-अभिकल्प यांच्या प्रयोगशाळांत ती वापरली जाते. पाळी लावून एकेकाने यंत्रावर बसणे हा तिचा साधा प्रकार या नोंदीत गृहीत धरलेला नाही.

उगम : या व्यवस्थेच्या मुळाशी असलेली कालविभागणीची (टाइम-शेअरिंग, म्हणजे एका संगणकाचा वेळ छोट्या तुकड्यांत अनेकांना वाटणे) कल्पना प्रथम कोणी मांडली, याबद्दल मतभेद आहेत. जॉन बॅकस यांनी १९५४ मध्ये एमआयटीतील उन्हाळी सत्रात आणि बॉब बेमर यांनी १९५७ मध्ये एका नियतकालिकातील लेखात तिचा ओझरता उल्लेख केला होता. मात्र श्रेय बहुधा ब्रिटिश संगणकतज्ज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांना दिले जाते. त्यांनी फेब्रुवारी १९५९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिस येथे युनेस्कोच्या माहिती-प्रक्रिया परिषदेत मोठ्या व वेगवान संगणकांतील कालविभागणीवर निबंध वाचला. या निबंधाचा मुख्य रोख वेगळा होता. मंद गतीची छपाई वा कार्डवाचन यंत्रे काम उरकेपर्यंत प्रक्रियक (संगणकाचा गणना करणारा भाग) रिकामा राहू नये, म्हणून दरम्यान त्याला दुसरा प्रोग्रॅम द्यावा, असे त्यात सुचवले होते. कन्सोलवर (संगणकाशी थेट संवाद साधण्याच्या मेजावर) बसून चुका शोधणारा एखादा प्रोग्रॅमर त्यात होता, पण प्रत्येकासमोर स्वतंत्र कन्सोल ही कल्पना नव्हती. पुढे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना लिहिलेल्या पत्रात स्ट्रेची यांनी स्वतःच हे स्पष्ट केले.

जॉन मॅकार्थी यांचे एमआयटीतील टिपण १ जानेवारी १९५९ या तारखेचे आहे. नियोजित आयबीएम ७०९ यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी थेट काम करावे, असा त्याचा स्पष्ट आग्रह आहे. त्यामुळे आजच्या अर्थाने या कल्पनेचे जनकत्व मॅकार्थी यांच्याकडे जाते असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. स्ट्रेची यांना बहुकार्यक्रमणाचे (एक प्रोग्रॅम थांबला असताना दुसरा चालवण्याचे) श्रेय दिले की हा वाद मिटतो.

एमआयटीतील फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएम ७०९ वर सीटीएसएस या कालविभागणी प्रणालीचे प्रात्यक्षिक केले. पुढे ७०९४ या यंत्रावर ती स्थिरावली. तेथे ३२ हजार शब्दांची एक स्मृती पर्यवेक्षक प्रोग्रॅमसाठी आणि तेवढीच दुसरी वापरकर्त्यांसाठी होती. पाळी संपली की एकाचा प्रोग्रॅम स्मृतीतून काढून बाहेरच्या साठ्यात ठेवत व दुसऱ्याचा आत आणत. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात झाला. तेथील गणिताचे प्राध्यापक केमेनी व कर्ट्झ यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील प्रणाली १ मे १९६४ रोजी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेसह सुरू झाली आणि तिची बरीचशी संहिता पदवीपूर्व विद्यार्थ्यांनीच लिहिली होती. तिथल्या टर्मिनलवर (संगणकाला जोडलेल्या टंकलेखी यंत्रावर) फक्त अक्षरे उमटत. रेषा काढण्याची सोय नव्हती.

चित्रणाची अडचण : संगणकावर हाताने आकृती काढण्याची सुरुवात याच वर्षांत आणि एमआयटीच्याच परिवारात झाली, पण नेमक्या उलट तत्त्वावर. आयव्हन सदरलँड यांचे स्केचपॅड हे आकृती काढण्याचे सॉफ्टवेअर (१९६३) एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या यंत्रावर चाले आणि त्या वेळी ते अवाढव्य यंत्र एकट्याच्या दिमतीला असे. प्रकाशलेखणी हलवली की रेषेने तत्क्षणी हलले पाहिजे. टंकलेखन यंत्रासमोर बसलेला माणूस दोन सेकंद थांबतो, रेषा ओढणारा थांबत नाही.

ही कोंडी फोडण्याचा लवकरचा प्रयत्न म्हणजे सीटीएसएसला जोडलेला, एमआयटीच्या इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स प्रयोगशाळेचा (ईएसएल) डिस्प्ले कन्सोल. आकृती फिरवून दाखवण्यासाठी त्यात स्वतःचे विद्युत-मंडल होते. तरीही मुख्य संगणकावरचा भार जाणवू लागल्याने पुढे कन्सोल व मुख्य संगणक यांच्या मध्ये पीडीपी-७ हा छोटा संगणक बसवण्यात आला. विचार आणि साठवण सामायिक, चित्र मात्र स्वतंत्र यंत्रणेकडे, ही वाटणी आजतागायत टिकून आहे. प्रस्तुत विषयात तिचे महत्त्व कालविभागणीच्या श्रेयवादाहून कितीतरी मोठे आहे. दुर्दैवाने लिहिले गेले ते वादावरच अधिक.

भारत : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टीआयएफआरएसी हा तेथेच बनवलेला संगणक (१९६०) आणि तेथेच १९६४ मध्ये आलेला सीडीसी ३६०० ही देशातील आरंभीची सामायिक यंत्रे होत. दुसऱ्या यंत्रावर इतर संस्थांचीही कामे होत, पण ती गठ्ठ्याने, कार्डांवरून. आयआयटी कानपूरमध्ये आयबीएम १६२० हे यंत्र १९६३ मध्ये आले. टर्मिनलवरून सामायिक वापर व आलेखन यांची सांगड १९७०च्या दशकात टाटा संस्थेतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्र केंद्रात घातली गेली. तेथे डेकसिस्टम-१० हा कालविभागणीचा संगणक होता. हेच केंद्र पुढे एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) झाले.

पुनरागमन : ऑटोकॅड (डिसेंबर १९८२) वैयक्तिक संगणकावर आल्यावर ‘एक विद्यार्थी, एक पीसी’ हाच प्रयोगशाळेचा साचा झाला. एका विंडोज संगणकावर अनेकांना काम करू देणारे विनफ्रेम (१९९५) व विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती (१९९८) यांनी सामायिक वापर परत आणला, पण तो कार्यालयीन कामापुरता. आलेखी प्रक्रियक (चित्र घडवणारा जीपीयू) आभासी यंत्रांत, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेल्या स्वतंत्र संगणकांत, वाटण्याचे तंत्र २०१३च्या सुमारास बाजारात आले, तेव्हा त्रिमितीय कामालाही ही वाट मोकळी झाली. २०२०च्या टाळेबंदीत प्रयोगशाळेतील यंत्रे घरून वापरण्याची गरज पडली आणि या व्यवस्थेचा प्रसार वाढला.

कार्य : प्रक्रियकाचा वेळ तुकड्यांत देता येतो, कारण प्रतिमान घडवणारा विद्यार्थी बहुतेक वेळ विचारच करत असतो. आलेखी प्रक्रियकाचा वेळही काही मिलिसेकंदांच्या पाळीने फिरवतात. त्याची स्मृती मात्र फिरवत नाहीत. सीटीएसएसप्रमाणे दर पाळीला काही जीबी माहिती बाहेर नेऊन परत आणणे परवडत नाही. म्हणून ती आधीच कायमची वाटून द्यावी लागते : २४ जीबीचे कार्ड ४ जीबीच्या भागांत वाटले की सहा विद्यार्थी, सातव्याला जागा नाही, आणि सहातले पाच गैरहजर असले तरी उरलेल्याला ४ जीबीच.

यंत्र निवडताना प्रक्रियकातील गाभ्यांची (कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) संख्या पाहण्याची सवय येथे फसवी ठरते. बदल केल्यावर होणारी प्रतिमानाची पुनर्रचना बव्हंशी एकाच गाभ्यावर चालते. तिथे कालस्पंदाचा (क्लॉक) वेग कामी येतो. रेंडरिंगचे (प्रतिमानावरून वास्तवासारखे चित्र बनवण्याचे) उलट आहे, ते मिळतील तेवढे गाभे व्यापते. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाने रेंडर लावले की बाकीच्यांचा कर्सर अडखळतो. त्यावर प्रत्येकाच्या वाट्याला मर्यादा घालणे किंवा रेंडरसाठी वेगळी रांग लावणे हे उपाय आहेत. पैकी दुसरा अधिक बरा, कारण मर्यादा घातली की रात्री रिकामी राहणारी शक्ती वाया जाते.

परवाने : विंडोजच्या साध्या प्रो आवृत्तीवर एका वेळी एकच दूरस्थ सत्र चालते. अनेकांसाठी विंडोज सर्व्हर व माणशी (किंवा उपकरणागणिक) प्रवेश-परवाने लागतात. कॅड सॉफ्टवेअरचा परवाना त्याहून निराळा. नेटवर्क परवान्यात एका वेळचे वापरकर्ते मोजले जातात. नाव-निगडित परवान्यात प्रत्येकाला आपल्या खात्याने प्रवेश करावा लागतो. ऑटोडेस्कने ऑगस्ट २०२० पासून व्यापारी ग्राहकांना नवे बहुवापरकर्ता परवाने विकणे थांबवले. विद्यार्थी-परवाने नाव-निगडित आणि ठरावीक मुदतीचे असतात, त्यामुळे सामायिक यंत्रावरही प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे लागते.