गादी ओली का होते? शीट अंथरायच्या आधी एवढं वाचा

आमचं वॉटरप्रूफ शीट घेतलंत, थँक्यू. शीटने गादी वाचते, पण अंथरूण ओलं का होतंय हे शीट सांगत नाही आणि फोनवर सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते, म्हणून हा कागद.

पोरगं ५ वर्षांच्या आतलं असेल तर टेन्शनच घेऊ नका. ५ व्या वर्षीसुद्धा १०० पैकी साधारण १५ मुलं रात्री गादी ओली करतात, पुढे दरवर्षी त्यातली बरीच आपोआप सुटतात. रात्री लघवी कमी बनावी म्हणून मेंदू एक हार्मोन सोडतो, काहींचं ते उशिरा सुरू होतं, काहींची लघवीची पिशवी लहान असते, आणि पिशवी भरली तरी झोपच मोडत नाही. म्हणजे मूल मुद्दाम करत नाहीये, त्याला कळतच नाही, तेव्हा मारून ओरडून काय होणार? शिवाय हे घराण्यातही असतं, आईबाबांपैकी एकाला लहानपणी होतं तर मुलाला असायचा चान्स ४० टक्क्यांच्या आसपास, दोघांनाही होतं तर ७० च्या वर. ओरडायच्या आधी आजीला एकदा विचारून बघा!

आता सगळ्यात दुर्लक्ष होतं ते कारण, पोट साफ नसणं. "रोज जातो की" असं सगळेच म्हणतात, पण शी बकरीच्या लेंड्यांसारखी कडक होत असेल, कुंथावं लागत असेल, चड्डीला डाग लागत असतील तर आत मळ साठलेला असतो, तो पिशवीवर दाबतो आणि तिला नीट भरू देत नाही. बऱ्याच मुलांचं पोट सुधारलं की रात्रीचंही कमी होतं. मूल घोरत असेल तर तेही कारण असू शकतं, टॉन्सिल दाखवून घ्या.

सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं तर गोष्ट वेगळी. नवीन बाळ, शाळा बदलली, घरात भांडणं, लघवीचं इन्फेक्शन, काहीही असू शकतं. पण सोबत खूप तहान लागत असेल आणि वजन उतरत असेल तर शीट राहू दे, त्याच दिवशी शुगर तपासा.

मोठ्या माणसांच्यात याला "सवय" म्हणून सोडू नका, लाजेपोटी लोक वर्षं काढतात. पुरुषांना वय झाल्यावर प्रोस्टेट (पिशवीच्या खालची गाठीसारखी ग्रंथी) वाढून पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, मग झोपेत ती वाहते, दिवसा धार बारीक होते ही त्याची खूण. बाकी डायबेटिस, झोपेत श्वास अडकणं, पॅरालिसिस किंवा पार्किन्सन, दारू, झोपेच्या गोळ्या, संध्याकाळी घेतलेली लघवी जास्त व्हायची गोळी. गोळ्या मनाने बंद मात्र करू नका, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. पाठ दुखून पाय बधिर झाले आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला तर थेट इमर्जन्सीत जा.

डॉक्टरकडे जाताना दोन-तीन दिवसांचं लिहून न्या, पाणी कधी प्यायलं, लघवी कितीदा, शी कशी, रात्री किती ओलं झालं. दिवसभर पाणी भरपूर द्या, फक्त झोपायच्या आधीचं कमी करा, चहा-कोला संध्याकाळी नको. आणि शीटला इस्त्री लावू नका, आतला थर वितळतो.