परकीय कर्जाचे देशांतर्गत राजकीय परिणाम

विकसनशील देश परकीय सरकारे, आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था किंवा रोखेधारक यांच्याकडून जे कर्ज घेतो, त्याची परतफेड बहुधा डॉलर, येन अशा चलनात करावी लागते. हे चलन सरकारला छापता येत नाही, ते निर्यातीतून, परदेशस्थ नागरिकांच्या मिळकतीतून किंवा नव्या कर्जातून उभे करावे लागते. राजकीय परिणामांचे मूळ येथे आहे. कर्ज काढणारे सरकार उद्घाटने करते आणि मुद्दलाचे हप्ते सुरू होतात तेव्हा अनेकदा दुसरेच सरकार सत्तेवर असते.

परकीय चलनाची गंगाजळी आटली की देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जातो. निधीच्या अटींत अनुदानकपात, करवाढ व चलनाचे अवमूल्यन यांचा वारंवार समावेश असतो आणि त्यांची झळ सर्वप्रथम स्वयंपाकघराला लागते. जानेवारी १९७७ मध्ये इजिप्तने पीठ, तांदूळ, तेल यांवरील अनुदाने कमी करताच दंगली उसळल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी १९८९ मध्ये व्हेनेझुएलात बसभाडेवाढीवरून काराकास व आसपासचा भाग पेटला, शेकडो माणसे मारली गेली. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परतफेड थांबवली आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना देश सोडावा लागला. गंगाजळी आटल्यामुळे भारताने १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवले. सोने गहाण टाकण्याची नामुष्की काय असते हे घराघरात कळते, म्हणूनच परकीय चलनाच्या आकड्यांपेक्षा ही घटना लोकांच्या मनावर अधिक कोरली गेली.

दीर्घ मुदतीच्या, सवलतीच्या व्याजदराच्या प्रकल्पकर्जांनी सहसा सरकारे पडत नाहीत. त्यांचा परिणाम सावकाश दिसतो. शिवडीहून नवी मुंबईकडे जाणारा अटल सेतू जपानच्या ‘जायका’ या सरकारी अर्थसाहाय्य संस्थेच्या येनमधील कर्जातून बांधला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. टोल रुपयांत जमतो, हप्ता येनमध्ये जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर वाशी, ऐरोली, आनंदनगर यांसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, सेतूचा झाला नाही. नवी मुंबईतील एकच मोटारचालक वाशीच्या नाक्यावरून विनामूल्य जाऊ लागला आणि सेतूवर एकेरी फेरीचे २५० रुपये मोजत राहिला. या फरकाचे कारण केवळ कर्ज आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल, तथापि हप्ता ठरलेला असला की निवडणुकीपूर्वी सवलत देण्याचा हात आखडतो. त्यातच राज्यघटनेच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्यांना भारताच्या हद्दीतच कर्ज उभारता येते, त्यामुळे अशा परकीय कर्जांत केंद्राचा सहभाग येतोच. परतफेडीचा शब्द दिल्लीचा असतो आणि टोलचा राग मुंबईतील सरकारवर निघतो.