एक मिलिमीटरची धमनी आणि साडेअकरा वर्षं

प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे अंगात प्लॅस्टिक बसवतात, हा समज अजून गेलेला नाही. त्याहून महागात पडणारा समज दुसराच आहे: हे सगळं नाक सरळ करायचं, केस लावायचं, पैसेवाल्यांचं काम. आपल्या बेळगावच्या सीमाभागात गळीत हंगाम सुरू झाला की रसाच्या चरकात गेलेला हात, कडबाकुट्टीत गेलेली बोटं, उद्यमबागेतल्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली आलेला अंगठा हे सगळं ज्याच्या टेबलावर जातं, तो प्लॅस्टिक सर्जन. आणि त्याचा हात कुठल्या वाटेने घडला, यावर त्या अंगठ्याचं पुढे काय होणार ते बरंचसं ठरतं.

'प्लॅस्टिक' हा शब्द मुळात ग्रीक. अर्थ आकार देणं, कुंभार मातीला देतो तसा. योगायोग असा की १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आलेली कावसजीच्या नाकाची हकीकत अगदी मातीतल्याच माणसाची आहे. कावसजी इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा उभं केलं. त्याचं प्रशिक्षण म्हणजे परंपरेने हातात आलेली विद्या. ती हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. एकच शस्त्रक्रिया, पण तिच्यापर्यंत पोचायच्या वाटा दोन. (हे वाचून 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' म्हणत छाती फुगवणाऱ्यांसाठी: त्या कारागिराकडे भूल नव्हती आणि जंतूंची कल्पनाही नव्हती. कौतुक करायचं तर त्याच्या हाताचं करावं.)

आजच्या वाटा अशा. एम.बी.बी.एस. इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. त्यानंतर जनरल सर्जरीत एम.एस. तीन वर्षं आणि मग प्लॅस्टिक सर्जरीत एम.सीएच. तीन वर्षं. दुसरी वाट एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांच्या सलग डी.आर.एन.बी.ची, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदवीची. दोन्हींची बेरीज साडेअकराच येते. म्हणजे फरक वर्षांच्या संख्येत नाही, त्या वर्षांत हाताखालून काय गेलं त्यात आहे. अमेरिकेतही अशाच दोन वाटा आहेत: सहा वर्षांची सलग, किंवा आधी पूर्ण सर्जरी आणि मग तीन वर्षं प्लॅस्टिक. याखेरीज चेहऱ्याच्या हाडांचे सर्जन दंतवैद्यकातून येतात, नाकाच्या आतलं काम कान-नाक-घसावाल्यांना जास्त ठाऊक असतं आणि त्वचारोगतज्ज्ञ लेझरपासून केसांपर्यंत बरंच करतात. यातला कुणीच उपरा नाही, पण प्रत्येकाच्या हाताची सवय वेगळी असते.

जनरल सर्जरीतून आलेल्याने तीन वर्षं रात्रीबेरात्री फाटलेली आतडी शिवलेली असतात. त्यामुळे रोगी पूर्ण दिसण्याची त्याची नजर तयार झालेली असते. भाजलेल्या रोग्याचं उदाहरण घ्या. पार्कलँडच्या सूत्राप्रमाणे पहिल्या चोवीस तासांचं सलाईन म्हणजे ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजलेल्या भागाची टक्केवारी. ५० किलोची बाई ३० टक्के भाजली तर ६००० मिलिलिटर, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. गोम अशी की हे आठ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. खानापूरच्या आतल्या खेड्यातून यायला तीन तास गेले, तर ३००० मिलिलिटर उरलेल्या पाच तासांत द्यावे लागतात. आणि हा आकडाही सुरुवातीचाच. पुढे दर तासाला लघवी किती होते ते बघून सलाईन कमीजास्त करायचं. सूत्र कुणीही पाठ करेल, पण ही नजर रात्रपाळ्यांतूनच येते.

पण याच वाटेने आलेल्याला एक गोष्ट विसरावी लागते, ती म्हणजे चिमट्याने पकडायची सवय. आतडं शिवताना चांगला घास घ्यायचा, धरायचं, ओढायचं. बोटाच्या धमनीशी असं केलं की ती गेलीच. बोटाच्या बुंध्याशी ही धमनी साधारण एक मिलिमीटर जाड असते, टोकाकडे त्याहून बारीक. तिला शिवायचा १०-० नंबरचा नायलॉन धागा ०.०२ ते ०.०२९ मिलिमीटरचा, म्हणजे केसाहूनही बारीक.

ही शिवण नीट पाहण्यासारखी असते. आधी दोन्ही टोकं मागे मागे कापत जायचं, आतलं अस्तर निरोगी दिसेपर्यंत. कडबाकुट्टीची जखम तुलनेने स्वच्छ असते, त्यामुळे थोडं कापून भागतं. चरकाचे रूळ मात्र हात चेचत आत ओढतात. अशा वेळी धमनी बाहेरून अखंड दिसते आणि आतलं अस्तर पुढे बऱ्याच अंतरापर्यंत फाटलेलं असतं. नवशिका इथेच फसतो. वरचं रूप बघून शिवतो आणि तासाभरात गुठळी होते. अशा ठिकाणी मधला भाग काढून हातातलीच एखादी शीर तिथे जोडावी लागते, तीही उलटी फिरवून, नाहीतर तिच्यातल्या झडपाच रक्त अडवतात.

टोकं स्वच्छ झाली की कडेचं सैल बाह्य आवरण कातरायचं. त्याचा एक तंतू जरी आत लोंबला तरी रक्तातल्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट, त्याला चिकटू लागतात. आतलं अस्तर शाबूत असेल तोवर त्या चिकटत नाहीत. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं आणि पांढरट गुठळीला सुरुवात होते. सगळं कौशल्य या एका गोष्टीभोवती फिरतं. म्हणून चिमट्याने धमनीची भिंत कधी धरायची नाही, धरायचं ते फक्त बाहेरचं आवरण. सुई भिंतीला काटकोनात घालायची, कडेपासून भिंतीच्या जाडीच्या एक ते दोन पट अंतरावर. पहिले दोन टाके गोलाईवर एकमेकांपासून १२० अंशांवर घातले की मागची भिंत आपोआप खाली लोंबते आणि सुईत सापडत नाही. ती सापडली तर समोरची आणि मागची भिंत एकत्र शिवली जाते, नळी बंद होते आणि बाहेरून टाका छानच दिसतो! एक मिलिमीटरला सहा ते आठ टाके लागतात. गाठ कडा फक्त टेकतील इतपतच आवळायची.

शिवताना रक्त अडवून धरणारा क्लँप काढल्यावर जोडातून थोडं रक्त पाझरतं. अननुभवी हात लगेच आणखी एक टाका घालतो, म्हणजे आणखी एक भोक. शिकलेला हात कोमट सलाईन सोडून थांबतो.

आता सलग सहा वर्षांची वाट. तिथे सूक्ष्मदर्शकाशी गाठ बहुधा लवकर पडते, त्यामुळे चिमट्याची वाईट सवय पक्की व्हायलाच वेळ मिळत नाही. मोबदल्यात पोटाच्या, छातीच्या, सेप्सिसच्या, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाच्या, रात्री कमी वाट्याला येण्याचा धोका असतो. आणि बोट जोडता येणं वेगळं, या रोग्याचं बोट आज जोडू नये हे कळणं वेगळं. रक्तदाब कोसळलेला, पोटालाही मार लागलेला असेल, तर बोट सोडून जीव धरावा लागतो. हा निर्णय सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही.

हातांचा कंप सगळ्यांना असतो, सर्जनलाही. म्हणून मनगट आणि करंगळीची बाजू टेकवून ठेवायची, हालचाल फक्त बोटांची. सराव आधी रबरी हातमोज्याच्या तुकड्यावर, मग कोंबडीच्या तंगडीतल्या धमनीवर. कोंबडीची तंगडी कुठल्याही मटणाच्या दुकानात मिळते, सूक्ष्मदर्शकासमोर बसायला वेळ मात्र मिळत नाही. हा वेळ कसा वाटावा यावर टोरंटोत झालेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ३८ शिकाऊ सर्जनना धमनी शिवण्याचे तेच चार वर्ग दिले, निम्म्यांना एकाच दिवसात, निम्म्यांना आठवड्याला एक याप्रमाणे. महिन्यानंतर पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याआठवड्याने शिकलेले सरस ठरले. शनिवार-रविवारच्या कोर्सचं चकचकीत सर्टिफिकेट भिंतीवर लावणाऱ्यांनी हे वाचावं. केसरोपणाच्या बाबतीत तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगूनच टाकलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

तुटलेलं बोट सर्जनकडे कसं पोचतं, तेही तितकंच महत्त्वाचं. जखमेवर हळद, तंबाखू, कॉफी पावडर काही नको, जोर देऊन दाबलेलं स्वच्छ फडकं पुरे. तुटलेला भाग सलाईनने ओल्या केलेल्या, पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवायची. बर्फावर थेट ठेवलं तर ऊती गोठून मरतात. बोटात स्नायू नसतो, म्हणून थंड ठेवलेलं बोट चोवीस तासांपर्यंतही जोडता येण्याजोगं राहू शकतं. मनगटाच्या वर तुटलेल्या हातात स्नायू असतो, तिथे गार न ठेवता जेमतेम सहा तास. मग निपाणीकराला कोल्हापूर जवळ की बेळगाव, अथणीकराला मिरज की बेळगाव, हा प्रश्न भाषेचा किंवा हद्दीचा उरत नाही. आधी फोन करून सूक्ष्मशस्त्रक्रिया करणारा माणूस आज हजर आहे का, तेवढं विचारून गाडी वळवायची.

जोडल्यावरचं काम रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरचं. पहिले चोवीस तास बहुधा दर तासाला बोट बघायचं. पांढरं, गार, दाबून सोडल्यावर रंग सावकाश भरतोय, म्हणजे धमनी अडली. निळसर, फुगलेलं, रंग झटकन भरतोय, म्हणजे शीर अडली. शंका आली तर बारीक सुईने टोचायचं. लालभडक थेंब दोनचार सेकंदांत आला तर ठीक. काळपट रक्त वाहायला लागलं किंवा काहीच आलं नाही, तर पहाटेचे तीन वाजलेले असोत, सर्जनला उठवायचं आणि तक्त्यावर वेळ लिहायची.